मित्रांसोबत दोन दिवसांचे प्रस्तरारोहण आणि डोंगरभ्रमंती: तयारीपासून परतीपर्यंतचा क्रम

दोन दिवसांत कातळावरची चढाई आणि डोंगरातली लांब चाल अशा दोन्ही गोष्टी बसवू पाहणाऱ्या मित्रमंडळींच्या चुका बहुधा ठरलेल्या असतात. कोणाची तयारी किती आहे हे न विचारता मार्ग ठरतो. दोर कड्याच्या उंचीला पुरेल का, याचा विचार कड्याखाली पोहोचल्यावर सुरू होतो. दमवणारी चाल आधी उरकली जाते आणि मग थकलेल्या हातांनी बिले दिला जातो, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळला जातो. ओळखीच्या माणसाची गाठ तपासणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे वाटून ती तपासलीच जात नाही. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत, कारण यातील बहुतेक चुका अज्ञानापेक्षा कामे मागेपुढे झाल्यामुळे होतात.

एक अट सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे. हा लेख टॉप रोप पद्धतीच्या चढाईपुरता आहे, म्हणजे ज्या पद्धतीत दोर आधीच माथ्यावरच्या अँकरमधून (बोल्ट किंवा झाडांना बांधलेल्या भक्कम आधारातून) ओवलेला असतो आणि चढणाऱ्याला वरून आधार मिळतो. गटात किमान एकाने, शक्यतो दोघांनी, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली अँकर बांधायला शिकलेले असावे. अँकर बांधणे वाचून येत नाही. असा माणूस गटात नसेल तर प्रशिक्षक सोबत घ्यावा, नाहीतर चढाई वगळून फक्त डोंगरभ्रमंती करावी.

## टप्पा १: गट आणि जबाबदाऱ्या (आठ-दहा दिवस आधी)

चार ते सहा जणांचा गट सोयीचा पडतो. एका दोरामागे तिघे असणे उत्तम, कारण एक चढतो, एक बिले देतो आणि तिसरा मोकळ्या डोळ्यांनी दोघांकडे पाहत राहतो. एका दोरावर पाच-सहा जण झाले की प्रत्येकाच्या वाट्याला ताटकळणेच अधिक येते, आणि कंटाळलेली माणसे कड्याखाली हेल्मेट काढून गप्पा मारत बसतात.

प्रत्येकाला तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. शेवटचा बिले कधी दिला होता? पाठीवर ओझे घेऊन सलग किती तास चालता येते? दमा, मधुमेह, जुनी गुडघेदुखी, ॲलर्जी किंवा नेहमीचे औषध यांपैकी काही आहे का? हे प्रश्न सर्वांसमोर विचारले तर उत्तरे फुगवून येतात, म्हणून ते एकेकाला विचारणे बरे. ज्याने सहा महिन्यांत दोर हाताळलेला नाही त्याला नवशिका समजावे, मग त्याचा पूर्वीचा अनुभव कितीही असो.

त्यानंतर चढाईचा एक प्रमुख आणि चालीचा एक प्रमुख ठरवावा. ही दोन माणसे वेगळी असली तरी चालते, किंबहुना वेगळी असलेलीच बरी. मित्रांच्या गटात प्रमुख नेमणे अवघड वाटते. परंतु प्रमुख नसेल तर ढग दाटून आल्यावर सहाही जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि कोणीच माघारीचा शब्द काढत नाही. म्हणून एक नियम घरीच मान्य करून घ्यावा. पुढे जाण्यासाठी सर्वांचा होकार लागेल, मागे फिरण्यासाठी मात्र कोणाही एकाचा नकार पुरेसा असेल आणि त्याचे कारण त्या जागी विचारले जाणार नाही.

तपासणी: बिले कोण कोणाला देणार याच्या जोड्या वजन पाहून ठरल्या आहेत का? चढणारा बिले देणाऱ्यापेक्षा एक तृतीयांशाहून अधिक जड असेल, तर तो पडताच बिले देणारा जमिनीवरून उचलला जाऊन कातळावर आपटू शकतो. अशा वेळी बिले देणाऱ्याला मागे जमिनीलगत वेगळ्या आधाराला बांधावे किंवा जोडी बदलावी.

## टप्पा २: जागा, मार्ग आणि वेळेचे गणित

कडा निवडताना त्याच्या देखणेपणापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. माथ्यावर पायवाटेने सुरक्षितपणे जाता येते का, अँकरसाठी कातळात बसवलेले पक्के बोल्ट किंवा भक्कम झाडे आहेत का, आणि कड्याची नेमकी उंची किती आहे. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात अनेक कडे चढाईसाठी बंद ठेवले जातात, म्हणून परवानगी आणि बंदीची चौकशी त्याच आठवड्यात करावी. खडकाचा प्रकारही विचारून घ्यावा. वालुकाश्म ओला असताना दुबळा होतो आणि त्यावरील पकडी तुटतात, त्यामुळे पावसानंतर पृष्ठभाग वाळला तरी आतून तो सुकेपर्यंत एक-दोन दिवस, कधी त्याहूनही अधिक, थांबावे लागते.

दोराचे गणित सोपे असूनही हमखास चुकते. टॉप रोपसाठी कड्याच्या उंचीच्या दुप्पट आणि वर किमान ५ मीटर दोर लागतो. म्हणजे ६० मीटरच्या दोराने साधारण २७ मीटरहून उंच कडा घेऊ नये. शिवाय दोर वापराने आखडतो, आणि झिजलेली टोके कापली गेली असतील तर वेष्टनावरचा आकडा खोटा ठरतो. जुना दोर हाताने मोजूनच न्यावा.

चालीसाठी स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथ यांचा १८९२ मधील ठोकताळा आजही उपयोगी आहे. त्यानुसार सपाटीवरच्या दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास धरायचा असतो. समजा मार्ग १२ किलोमीटरचा आणि एकूण चढ ९०० मीटरचा आहे. अंतराचे सुमारे २ तास २५ मिनिटे आणि चढाचे दीड तास मिळून जवळपास ४ तास होतात. हा आकडा मात्र न थांबता चालणाऱ्या तंदुरुस्त माणसाचा आहे. मित्रांचा गट थांबतो, छायाचित्रे काढतो, बुटांच्या नाड्या बांधतो, आणि आदल्या दिवशीच्या चढाईने त्याचे अंगही दुखत असते. म्हणून त्यात निम्म्याची भर घालून ६ तास धरावेत. अंधार पडण्याच्या दोन तास आधी मार्ग संपला पाहिजे असे ठरवून तेथून उलट मोजत निघण्याची वेळ काढावी, आणि त्याच हिशेबात माघारीची वेळही लिहून ठेवावी. त्या वेळेला आपण जेथे असू तेथून, शिखर शंभर पावलांवर असले तरी, परत फिरायचे.

हवामानाचा अंदाज पायथ्याच्या गावाचा न पाहता प्रत्यक्ष उंचीचा पाहावा. दर १,००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते आणि वारा त्याहून अधिक गारठवतो. मुक्कामाची जागा २,५०० मीटरपेक्षा उंच असेल तर दोन दिवसांच्या कार्यक्रमात शरीराला विरळ हवेशी जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. अशी जागा या प्रकारच्या सहलीसाठी निवडू नये.

शेवटचे काम लेखी आहे. घरी राहणाऱ्या एका जबाबदार माणसाला दोन्ही दिवसांचा मार्ग, सर्वांची नावे, वाहन कोठे उभे असेल आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागवायची, हे लिहून पाठवावे. यातील शेवटची वेळ दिली नसेल तर बाकीची माहिती असून नसल्यासारखी होते, कारण समोरचा माणूस आपली वाट पाहत रात्र घालवतो.

## टप्पा ३: साधने मांडणे आणि तपासणे (दोन दिवस आधी)

सर्व साधने एका चादरीवर मांडून दोघांनी मिळून पाहावीत. निघण्याच्या रात्री सॅक भरता भरता केलेली तपासणी ही तपासणी नसते.

दोर चढाईसाठी बनवलेला डायनॅमिकच, म्हणजे ताणला जाऊन पडण्याचा झटका शोषणारा, हवा आणि त्यावर ईएन ८९२ (युरोपीय मानक) किंवा यूआयएए (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ) मानकाची खूण हवी. टॉप रोपसाठी १० मिलिमीटरच्या आसपासच्या जाडीचा एकेरी दोर हाताळायला सोपा आणि टिकाऊ असतो. संपूर्ण दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवत न्यावा आणि मऊ पडलेला, फुगलेला, सपाट झालेला किंवा आतला पांढरा गाभा दिसणारा भाग आढळला तर तो दोर वापरू नये. उत्पादक सहसा न वापरलेल्या दोरालाही दहा वर्षांची कमाल मर्यादा देतात. भरपूर वापरलेला दोर त्याच्या कितीतरी आधी बाद होतो.

हार्नेसवर, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांवर, दोर बांधायचे दोन्ही फासे, कमरेचा पट्टा आणि बकल पाहावीत. कॅराबिनरचे (धातूच्या उघडझाप कडीचे) दार सोडताच स्वतःहून बंद झाले पाहिजे. उभ्या दिशेने किमान २० किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलो वजनाएवढा) भार पेलणारा कॅराबिनर आडवा झाला किंवा त्याचे दार उघडे राहिले, तर जेमतेम ७ किलोन्यूटनच्या आसपासच पेलतो. म्हणून त्याच्यावर कोरलेले तिन्ही आकडे वाचण्याची सवय लावावी. हेल्मेट प्रत्येकाला स्वतंत्र हवे, बिले देणाऱ्यालाही. दगड वरून येतो तेव्हा तो बहुधा खालच्या माणसाला लागतो.

चालीसाठी प्रत्येकाकडे स्वतःचा हेडलॅम्प, उबदार थर, पावसाळी जाकीट, शिट्टी आणि पाणी असावे. गटात मिळून एक कागदी नकाशा, एक होकायंत्र, प्रथमोपचार पेटी आणि तातडीच्या वेळी अंगावर ओढायची उष्णतारोधक चादर असावी. मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवावा, मोबाइल एअरप्लेन मोडमध्ये आणि अंगालगतच्या खिशात ठेवावा, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. नवे बूट मात्र या सहलीत पहिल्यांदा घालू नयेत.

सॅकचे वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त होऊ देऊ नये. जड वस्तू पाठीलगत आणि मध्यभागी, हलक्या वस्तू तळाशी, आणि चालताना लागणाऱ्या गोष्टी वर ठेवाव्यात.

सावधान: घरगुती वापराचा, सामान बांधण्याचा किंवा कोणाकडून मिळालेला इतिहास न माहीत असलेला दोर चढाईला आणू नये, तो दिसायला कितीही भक्कम असो.

## टप्पा ४: पहिला दिवस चढाईला, दुसरा चालीला

याच्या उलट क्रम लावण्याचा मोह होतो, कारण लांब चालून गेल्यावर कड्यावर "विसावा" मिळेल असे वाटते. माझ्या मते तो क्रम चुकीचा आहे. चढाईला ताजी बोटे, ताजी त्वचा आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे बिले देणाऱ्याचे ताजे लक्ष लागते. थकलेला माणूस सावकाश चालू शकतो, पण थकलेल्या माणसाने दिलेला बिले अर्धा बिले नसतो, तो धोका असतो. क्रम बदलण्याचे एकच योग्य कारण हवामान आहे. पहिल्या दिवशी पाऊस आणि दुसऱ्या दिवशी ऊन असा अंदाज असेल तर दिवसांची अदलाबदल करावी, मात्र मग चाल निम्मी करावी.

कड्यावर सकाळी लवकर पोहोचावे आणि सामान कड्याच्या थेट खाली न ठेवता बाजूला, दगड येणार नाहीत अशा जागी ठेवावे. जेवणाची जागाही तीच. दहा-पंधरा मिनिटे अंग मोकळे करून पहिले दोन मार्ग आपल्या नेहमीच्या क्षमतेपेक्षा बरेच सोपे घ्यावेत. थंड बोटांनी बारीक पकडींवर जोर लावला तर बोटांचे अस्थिबंध दुखावतात, आणि ती दुखापत महिनोन्महिने बरी होत नाही.

## टप्पा ५: माथ्यावरचा अँकर

माथ्यावर दोघांनीच जावे. कड्याच्या काठापासून तीन-चार मीटर अंतरावर असतानाच स्वतःला स्लिंगने (मजबूत पट्टीच्या बंद फाशाने) आधाराला बांधून घ्यावे आणि मगच काठाजवळ काम करावे. अँकर बांधणारे स्वतः मोकळे उभे राहून काठावर वाकतात, ही चूक अनुभवी लोकांकडूनच अधिक होते.

अँकर किमान दोन स्वतंत्र आधारांवर असावा. दोन पक्के बोल्ट, किंवा मांडीहून जाड, जिवंत आणि खोल मुळांची दोन झाडे. एक आधार निखळला तरी दुसरा संपूर्ण भार पेलेल आणि दोर खाली झटका घेणार नाही, अशी बांधणी हवी. दोन्ही बाजूंच्या स्लिंगमधला कोन ६० अंशांपेक्षा कमी ठेवावा. ६० अंशांवर प्रत्येक आधारावर एकूण भाराचा साधारण ५८ टक्के हिस्सा येतो, ९० अंशांवर तो ७१ टक्के होतो, आणि १२० अंशांवर प्रत्येक आधार पूर्ण शंभर टक्के भार झेलतो; म्हणजे दोन आधार असूनही वाटणीचा फायदा उरत नाही. कोन मोठा होत असेल तर लांब स्लिंग वापरणे हाच उपाय आहे.

दोर दोन लॉकिंग कॅराबिनरमधून ओवावा, त्यांची दारे एकमेकांच्या विरुद्ध दिशांना असावीत आणि दोन्ही लॉक केलेली असावीत. हे कॅराबिनर काठाच्या खाली लोंबले पाहिजेत, अन्यथा प्रत्येक चढाईत दोर काठावर घासतो. जेथे स्लिंग काठावरून जाते तेथे जाड कापडाचे किंवा पाइपचे आवरण घालावे.

सावधान: दोर कधीही थेट स्लिंगमधून ओवू नये. दोर सरकत राहतो आणि स्लिंग एकाच जागी राहते, त्यामुळे घर्षणाची सगळी उष्णता स्लिंगच्या एका बिंदूवर साठते. डायनीमाची (एका मजबूत कृत्रिम धाग्याची) स्लिंग सुमारे १४५ अंश सेल्सिअसलाच वितळते. दोर आणि स्लिंग यांच्यामध्ये धातू असलाच पाहिजे.

दोर खाली टाकण्यापूर्वी "दोर!" अशी हाक द्यावी आणि खालून उत्तर येईपर्यंत थांबावे. नंतर दोराची दोन्ही टोके जमिनीला टेकली आहेत हे खालच्या माणसाने डोळ्यांनी पाहून वर कळवावे.

तपासणी: आधार दोन, कोन लहान, कॅराबिनर दोन आणि विरुद्ध दिशांना, लॉक बंद, काठावर आवरण, टोके जमिनीवर. या सहाही गोष्टी अँकर न बांधणाऱ्या दुसऱ्या माणसाने मोठ्याने म्हणत पाहाव्यात.

## टप्पा ६: एकमेकांची तपासणी

या टप्प्याला दीड मिनिट लागते आणि तोच सर्वात जास्त वेळा वगळला जातो. १९८९ मध्ये जगातील आघाडीच्या प्रस्तरारोहकांपैकी एक असलेल्या लिन हिल फ्रान्समधील ब्यू येथे सुमारे २५ मीटरवरून कोसळल्या, कारण दोर हार्नेसमधून ओवल्यावर गाठ पूर्ण करायची राहून गेली होती. मध्येच लक्ष बुटांकडे गेले होते. झाडामुळे त्यांचा जीव वाचला. कौशल्य कमी पडले म्हणून हा अपघात घडला नाही. गाठ अर्धवट राहिल्याचे कोणाच्याच नजरेस आले नाही म्हणून घडला. त्यामुळे गाठ मारणाऱ्याशी ती पूर्ण होईपर्यंत कोणीही बोलू नये, आणि मध्ये खंड पडलाच तर गाठ सोडून पहिल्यापासून मारावी.

तपासणीचा क्रम असा ठेवावा, आणि ती केवळ पाहून न करता हात लावून करावी.

१. दोघांचेही हार्नेस कमरेच्या हाडांच्या वर, बकल बंद आणि पट्टा उलट फिरून परत ओवलेला.

२. चढणाऱ्याचा दोर हार्नेसच्या दोन्ही फाशांतून गेलेला. फिगर ऑफ एटची (इंग्रजी 8 च्या आकाराची) गाठ दुहेरी, समांतर आणि आवळलेली, तिचे शेपूट दोराच्या जाडीच्या किमान दहा पट.

३. बिले उपकरणात (दोर अडवून धरणाऱ्या साधनात) दोर योग्य दिशेने ओवलेला, त्याचा कॅराबिनर हार्नेसच्या बिले फाशात आणि लॉक केलेला. हा कॅराबिनर बोटांनी दाबून पाहावा. नुसते स्क्रू फिरवलेले दिसणे पुरेसे नाही.

४. दोराच्या मोकळ्या टोकाला जाड गाठ मारलेली. टॉप रोपवर दोर पुरेसा असल्याची खात्री असली तरी ही गाठ मारावीच, कारण उतरवताना दोराचे टोक उपकरणातून निसटून जाणे हे अपघाताचे जुने आणि टाळता येण्याजोगे कारण आहे.

५. हेल्मेटचा पट्टा दोघांचाही बंद, लांब केस आणि सैल दागिने आत.

## टप्पा ७: चढाई, बिले आणि उतरवणे

शब्द जमिनीवर असतानाच ठरवून घ्यावेत आणि प्रत्येक वेळी समोरच्याचे नाव घेऊन वापरावेत. शेजारच्या दोरावरच्या माणसाने "सैल" म्हटले आणि भलत्याच बिले देणाऱ्याने दोर सोडला, असे गर्दीच्या कड्यावर सहज घडते. बिले, चढतो, घट्ट, सैल, उतरव आणि दगड एवढे शब्द पुरतात. चढणारा माथ्यावर पोहोचल्यावर काय करणार, तेही निघण्यापूर्वीच बोलावे. या सहलीत उत्तर एकच असेल. तो दोर न सोडता, अँकरवर काहीही न बदलता तसाच खाली उतरवला जाईल.

बिले देणाऱ्याने कड्याच्या जवळ, उभे राहून, चढणाऱ्याच्या थेट रेषेच्या किंचित बाजूला थांबावे. ब्रेकचा हात, म्हणजे उपकरणातून बाहेर येणारा मोकळा दोर धरलेला हात, दोरावरून क्षणभरही निघता कामा नये. दोर ओढून घेताना दुसरा हात जागा बदलतो, ब्रेकचा हात नाही. आपोआप अडकणारे उपकरण वापरले तरी हा नियम तसाच राहतो, कारण बारीक, ओल्या किंवा चुकीच्या दिशेने ओवलेल्या दोरावर ते उपकरण न अडकण्याची शक्यता असते.

सुरुवातीच्या काही मीटरांत विशेष काळजी लागते. प्रमाणित एकेरी दोर ८० किलो वजनाखाली १० टक्क्यांपर्यंत ताणला जाऊ शकतो. २५ मीटरच्या कड्याच्या पायथ्याशी असलेल्या चढणाऱ्याचा दोर माथ्यावरून फिरून येतो, म्हणजे जवळपास ५० मीटर दोर खेळात असतो. माथ्यावरचे घर्षण काही ताण रोखते, तरीही चढणारा दोन मीटर उंचीवरून पडला तर दोर ताणत ताणत तो जमिनीपर्यंत येऊ शकतो. म्हणून तो तीन-चार मीटर वर जाईपर्यंत दोर ओढून घट्ट ठेवावा. त्यानंतर किंचित ढिलाई चालते.

उतरवण्याच्या सुरुवातीचा क्षण वेगळा सांगण्यासारखा आहे. चढणाऱ्याने "घट्ट" म्हणावे, बिले देणाऱ्याने उरलेला दोर ओढून घ्यावा, मग चढणाऱ्याने हात कातळावर ठेवूनच हळूहळू हार्नेसवर भार टाकून पाहावा, आणि दोर खरोखर धरून ठेवतो आहे हे जाणवल्यावरच "उतरव" म्हणून हात सोडावेत. उतरताना पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, नजर खाली. उतरवण्याचा वेग सावकाश चालणाऱ्या माणसाएवढा असावा.

दगड सुटल्यावर "दगड!" ही हाक आली की वर पाहू नये, मान आत घेऊन कातळाला चिकटावे. बिले देणाऱ्यानेही तसेच करावे, ब्रेकचा हात धरून ठेवत.

सावधान: "आता शेवटचा एकदा" असे कोणी म्हणाले की सर्वांनी एकमेकांच्या हातांकडे पाहावे. बोटे थरथरत असतील किंवा बिले देणारा जांभया देत असेल तर तो "एकदा" झालाच नाही असे समजून दोर उतरवावा. आवराआवरीसाठी उजेडाचे दोन तास राखून ठेवावेत, कारण अँकर सोडणाऱ्याला माथ्यावर पुन्हा आधाराला बांधून घेऊनच काम करायचे असते आणि घाई तेथेच होते.

## टप्पा ८: मुक्काम

तंबू कड्याच्या खाली, कोरड्या ओढ्याच्या पात्रात किंवा एकट्या उंच झाडाखाली लावू नये. ओढ्याचे पाणी एक मिनिट खळखळ उकळावे, २,००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटे. शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा करावा आणि तो नंतर बुजवावा. मद्यामुळे ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात शरीर अधिक उष्णता गमावते आणि झोपही मोडते. दुसऱ्या दिवशी चाल असताना ते टाळावे.

झोपण्यापूर्वी तळपाय पाहावेत. लालसर, गरम झालेल्या जागी तेव्हाच चिकटपट्टी लावली तर फोड येत नाही. फोड आल्यावर लावलेली पट्टी केवळ समाधान देते. दुसऱ्या दिवशीचे सामान वेगळे करून दोर आणि धातूची साधने वाहनात किंवा तळावर ठेवण्याची सोय करावी, म्हणजे ते ओझे चालीत वाहावे लागणार नाही.

## टप्पा ९: दुसऱ्या दिवसाची चाल

गतीचा निर्णय सर्वात सावकाश चालणाऱ्याने घ्यावा, आणि त्याला रांगेत दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे. शेवटी चालणारा सावकाश माणूस प्रत्येक थांब्यावर पोहोचतो तेव्हा बाकीचे निघायच्या तयारीत असतात, म्हणजे विसावा सर्वांना मिळतो, फक्त ज्याला हवा त्यालाच नाही. सर्वात मागे अनुभवी माणूस असावा. प्रत्येक फाट्यावर संपूर्ण गट जमल्याशिवाय पुढे जाऊ नये. तासाला पाच ते दहा मिनिटांचा थांबा, दर थांब्याला थोडे खाणे आणि पाणी हा क्रम तहान लागण्याची वाट न पाहता चालू ठेवावा. पहिल्या अर्ध्या तासात बोलता येणार नाही इतकी धाप लागत असेल तर गती जास्त आहे.

घसाऱ्यावर (सुट्या दगडमातीच्या उतारावर) सर्वांनी एका रेषेत खालीवर चालू नये. सुटलेला दगड खालच्याला लागतो. एकतर अगदी जवळ राहावे, म्हणजे दगडाला वेग येत नाही, किंवा एकेकाने घसारा ओलांडावा. उतारावर काठ्या थोड्या लांब कराव्यात आणि पावले लहान टाकावीत. आदल्या दिवशी चढाई झालेली असल्याने मांड्या अपेक्षेपेक्षा आधी थकतात, आणि उतारावरचे घसरणे बहुतेक वेळा शेवटच्या तासात होते.

वाट चुकल्याची शंका आली की थांबावे. शेवटची खात्रीची खूण जेथे होती तेथपर्यंत आल्या वाटेने परत जावे. "खाली उतरत गेलो की कोठेतरी निघू" या तर्काने ओढ्याच्या नाळेत उतरू नये, कारण नाळ बहुधा एखाद्या धबधब्याच्या टोकाशी संपते आणि तेथून वर चढणेही जमत नाही.

विजांच्या बाबतीत वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. अंतर ३० सेकंदांपेक्षा कमी असेल तर डोंगराची सोंड, शिखर आणि एकटी झाडे सोडून ताबडतोब खाली उतरावे, धातूच्या काठ्या बाजूला ठेवाव्यात, एकमेकांत अंतर ठेवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे जाईपर्यंत पुन्हा वर जाऊ नये.

तपासणी: माघारीची लिहून ठेवलेली वेळ झाली का? हा प्रश्न प्रत्येक थांब्यावर चालीच्या प्रमुखाने मोठ्याने विचारावा.

## टप्पा १०: काही घडलेच तर

पहिले काम म्हणजे आणखी कोणी जखमी होणार नाही हे पाहणे. दगड येत असतील तर जखमीकडे धावत जाणारा दुसरा जखमी होतो. मग श्वास आणि रक्तस्राव पाहावा, वाहणाऱ्या जखमेवर थेट दाब द्यावा, आणि मान किंवा पाठीच्या दुखापतीची शंका असेल तर त्या जागी धोका असल्याशिवाय हलवू नये. दोरावर बेशुद्ध होऊन लटकलेल्या माणसाला लगेच खाली उतरवावे. हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहणे काही मिनिटांतच घातक ठरू शकते. पडलेल्याच्या खाली काहीतरी घालून, वरून चादर ओढून त्याला उबदार ठेवावे. थंडी खालून अधिक लागते.

मदत मागताना नेमके ठिकाण, जखमींची संख्या, दुखापतीचे स्वरूप आणि हवामान हे कागदावर लिहूनच सांगावे. ११२ हा क्रमांक युरोपसह अनेक देशांत चालतो. तरी जेथे जायचे तेथील बचावपथकाचा क्रमांक आधीच लिहून घ्यावा. संपर्क होत नसेल तर दोघांनी मिळून खाली जावे आणि जखमीजवळ एकाला ठेवावे. डोंगरातील मदतीचा संकेत म्हणजे एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश, नंतर एक मिनिट विराम, आणि पुन्हा तेच. उत्तर मिनिटाला तीन संकेतांचे येते.

## टप्पा ११: परतल्यावर

घरच्या माणसाला पोहोचल्याचा निरोप प्रवास सुरू होण्यापूर्वी, वाहनाजवळ पोहोचताच द्यावा. तो विसरला तर डोंगरात विनाकारण शोध सुरू होतो. दोन दिवसांच्या श्रमानंतर वाहन चालवणाऱ्याला आधी अर्धा तास डुलकी घेऊ द्यावी, किंवा चालक आळीपाळीने बदलावेत.

ओला दोर सावलीत, सैल वेटोळ्यांत पसरून वाळवावा. उन्हात किंवा हीटरजवळ नाही. वाहनाच्या डिकीत तो बॅटरीजवळ कधीही ठेवू नये, कारण बॅटरीतील आम्लाच्या वाफेने किंवा डागाने नायलॉन आतून कमजोर होतो आणि वरून काहीच दिसत नाही. कॅराबिनरवरची माती ओल्या फडक्याने पुसावी. एखादे साधन कठीण कातळावर उंचावरून पडले असेल किंवा दोराचा एखादा भाग संशयास्पद वाटत असेल, तर त्यावर खूण करून ते वेगळे ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. बाद ठरलेला दोर तुकडे करून टाकावा, म्हणजे पुढच्या वेळी घाईत तोच कोणी उचलून आणणार नाही.